धाकट्याचं पान

हिमानी दारात चप्पल काढत होती, तेव्हाच शामलाचं लक्ष तिच्या नथीकडे गेलं. नथ उजवीकडे होती. जगभरातल्या मराठी बायका नथ डावीकडे घालतात. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती उजवीकडे घालणारं घर शामलाला एकच ठाऊक होतं, ते म्हणजे तिचं स्वतःचं, मानेवाड्यातलं ठवकरांचं. मुलानं, रजतनं, लग्न ठरवलेल्या पोरीला घरची रीत आधीच सांगून ठेवली आणि पोरीनं ती मनावर घेतली, या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की हिमानीच्या वडिलांना आणि आत्याला या-बसा म्हणायच्या आधी तिनं हिमानीलाच जवळ घेतलं.

ही रीत पडली होती एका तांबटाच्या चुकीनं. ठवकर तेव्हा भिवापूरकडे मिरची पिकवत होते. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे घडवून आणले, तर दोघींच्याही नथीची भोकं उजव्या नाकपुडीला. बदलून आणायला वेळ नव्हता. घरातली त्या वेळची कर्ती बाई म्हणाली, देवी कशी चुकेल, आपल्यालाच बाजू कळली नसेल. झालं, त्या वर्षापासून ठवकरांच्या लेकीसुना या तीन दिवसांत नथ उजवीकडे घालू लागल्या, आणि ठवकर मंडळी एकदा काही करू लागली की थांबायचं नाव घेत नाहीत.

शामला नवी नवरी होऊन आली तेव्हा तिचं नाक डावीकडे टोचलेलं. सासूबाईंनी चापाची नथ उजवीकडे बसवली. चाप इतका घट्ट, की पुरण वाटताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, सून माहेराच्या आठवणीनं रडते. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली. एरवी त्यांची आठवण कधी यायची, कधी नाही. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहिलं की नाकाशी येणारा त्यांचा हळदीच्या वासाचा हात शामलाला हमखास आठवे.

रजत पाण्याची कळशी न्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा तिनं त्याचं कौतुक केलं, की नथीचं बरं सांगून ठेवलंस. रजत म्हणाला, कोणती नथ? मिहानमधल्या एकाच कंपनीत तीन वर्षं समोरासमोर बसून या मुलानं लग्न ठरवलं होतं, पण आज तिच्या नाकात काय आहे ते त्याला दिसलं नव्हतं. शामलानं कपाळाला हात लावला आणि हिमानीलाच आत बोलावलं.

"आमच्याकडे महालक्ष्मीत उजवीकडेच घालतात, काकू," हिमानी म्हणाली. "आत्यानं लावून दिली. काहून, तुमच्याकडेही तसंच आहे का?"

शामलाच्या हातातला झारा तसाच राहिला. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्या महालक्ष्म्या जुन्या असतील ना गं खूप? हिमानी म्हणाली, जुनी एकच, धाकटी. मोठी मागाहून करून घेतलेली.

बाहेरच्या खोलीत, मखरात, ठवकरांची मोठी महालक्ष्मी जुनी होती आणि धाकटी मागाहून करून घेतलेली. दोघा भावांनी वेगळं होताना मुखवटे वाटून घेतले, थोरल्या धोंडबानं थोरली ठेवली, धाकटा सांबा धाकटीला घेऊन निघून गेला, तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही, ही गोष्ट या घरात लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच वर्षी ऐकावी लागे. नुसती ऐकून भागत नसे. महालक्ष्म्यांच्या पंगतीत एक पान सांबाच्या वंशाचं म्हणून वाढलं जाई. त्यावर कुणी बसत नसे. जेवणं झाली की ते गाईला देत. घरात त्याला धाकट्याचं पान म्हणत.

शामलानं गॅस बारीक केला. हिमानीचं पटेल आडनाव ऐकून आधी तिला वाटलं होतं, मुलगा गुजराती पोरगी आणतो की काय. मग कळलं, सौंसरचे कुणबी, संत्र्याचे बगीचे, कुण्या आजोबाला गावची पटेलकी मिळाली म्हणून पटेल. पटेल व्हायच्या आधी ते कोण होते, हे तेव्हा विचारायचं कुणाला सुचलं नाही. आता तिला विचारायचंच नव्हतं.

"हिमानी, नथ डावीकडं घे वं जरा," ती म्हणाली. "फोटो काढायचे आहेत. डावीकडं बरी दिसते."

हिमानीनं तिच्याकडे पाहिलं, चाप काढला आणि स्टीलच्या डब्यात बघून नथ डावीकडे लावली. नाकाच्या उजव्या बाजूला लाल वळ तसाच राहिला.

*

पोरीची नथ फिरवता आली, पण आत्याचं काय करणार? अंजनाताई पटेल मखरासमोर हळदकुंकू वाहायला उभ्या राहिल्या, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या मनोहररावांना त्यांची उजवी बाजू दिसत होती.

मनोहरराव म्हणजे रजतचे आजोबा, घरातले आबा. वय ऐंशी. एस.टी.त नोकरी केली ती या भागातली गावं पालथी घालायला मिळतात म्हणून, असं त्यांची बायको चारचौघांत सांगत असे. मौद्याला, उमरेडला, पवनीला, जिथे लग्न असेल तिथे ते वधूवरांपेक्षा बायकांच्या नाकांकडे जास्त बघत. एकदा त्यावरून मार खाता खाता वाचले होते. धाकटं घर सापडावं, एका मखरात दोन्ही जुन्या बहिणी एकदा शेजारी उभ्या कराव्यात, मग डोळे मिटले तरी चालतील, हे त्यांचं म्हणणं घरात आता कुणी ऐकून घेत नसे.

अंजनाताईंनी कुंकू वाहिलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. सत्तरीला टेकलेल्या, सौंसरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भावजय लवकर गेली म्हणून हिमानीला त्यांनीच वाढवलं होतं.

"तुमच्या धाकटीचे दोन्ही गाल सारखे आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या धाकटीच्या गालावर खळगा आहे. लहानपणी मी त्यात कुंकू भरत होती."

मनोहररावांनी खुर्चीचे हात धरले. "डाव्या गालावर," ते म्हणाले.

"हो."

"तांबटाकडून घरी आणताना ती बंडीवरून पडली."

"न् उचलणारा धाकटा होता," अंजनाताई सावकाश म्हणाल्या. "म्हणून ती त्याची."

यापुढे त्या खोलीत काय झालं ते सांगायचं तर नीट सांगता येणार नाही, कारण दोघंही एकाच वेळी बोलत होते. मनोहरराव रडत होते. अंजनाताई त्यांच्या पायाशी खाली बसल्या होत्या. थोरल्याच्या बायकोनं सांबाला घराबाहेर काढलं, असं पटेलांकडे सांगत; सांबा एका बैलावरून रुसून स्वतःच गेला, असं ठवकरांकडे. मनोहररावांनी ऐकून घेतलं नाही, अंजनाताईंनीही नाही. शेवटी दोघं हसायला लागले. आपण दोघं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बैलावरून भांडतो आहोत, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"मले मोठा भाऊ नव्हता, दादा," अंजनाताई म्हणाल्या. "शाळेत राखीच्या दिवशी पोट्ट्या विचारत, बाई, तुमचा मोठा भाऊ कुठं राहते? मी सांगत होती, दूर राहते."

मनोहररावांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. इतका सुखाचा क्षण त्यांच्या वाट्याला बायको गेल्यापासून आला नव्हता. मुलाला, सुशीलला, हाक मारून त्यांनी सांगितलं की धाकट्याच्या पानाशी पाट मांड, आज त्यावर माणूस बसणार.

सुशील हलला नाही. शामला दाराशी उभी होती, तिच्यामागे रजत, आणि हिमानी. बोलले ते हिमानीचे वडील गिरिधरराव. त्यांचा आवाज मुळातच लहान होता.

"मंग हे दोघं बहीण-भाऊ झाले," ते रजत-हिमानीकडे बघून म्हणाले.

मनोहररावांचा हात अंजनाताईंच्या डोक्यावरच राहिला. जन्मभर त्यांनी भाऊ सापडावा म्हणून नवस केले. सापडल्यावर काय, हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता. आपल्याकडे माणूस एकतर भाऊबंद असतो नाहीतर सोयरा. ज्याचं सुतक धरायचं त्याच्या घरी लेक द्यायची नाही, आणि जिथे लेक दिली त्यांच्या सुतकाशी आपला संबंध नाही. दोन्हीकडून बसायला कुणालाच जागा नसते.

गिरिधरराव उठले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, पण रंग उतरला होता. ते म्हणाले, आम्ही निघतो, जेवण पुढे कधीतरी. महालक्ष्म्यांच्या दिवशी दारातून उपाशी माणूस जाणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"कोणी जाणार नाही," शामला म्हणाली. ती पुढे आली. "मले तासाभरापासून ठाऊक आहे. मीच पोरीले नथ फिरवायले लावली. तुम्ही बोलले नसते तर मी कधीच बोलणार नव्हती."

मनोहररावांनी सुनेकडे पाहिलं. तिनं कितीतरी वर्षं ते पान वाढलं होतं, एकदाही कंटाळा केला नव्हता.

"तू माझ्यापासून लपवणार होती?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा," शामला म्हणाली. "तुमचा भाऊ गेला त्याले सहा पिढ्या झाल्या. माझा पोरगा आत्ता जाईल."

*

गॅलरीत हिमानी कठड्याला टेकून उभी होती. रजत मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. कायद्याची काही अडचण नाही, तो म्हणाला, इतक्या दूरच्या नात्याला कायदा नातं म्हणतच नाही. हिमानीनं ऐकून घेतलं. ती त्याच्या चेहऱ्यात आपल्या वडिलांचा कान शोधत होती, आत्याची हनुवटी शोधत होती. काही सापडलं नाही. मग आपण हे शोधत होतो याचीच तिला लाज वाटली आणि राग आला. रोज डबा वाटून खाल्लेला, तिला ताप आला तेव्हा दवाखान्यात रात्रभर बाकावर बसलेला हा मुलगा कालपर्यंत जो होता तोच होता. बदललं काय, तर एका पितळी गालावरचा खळगा सगळ्यांना कळला.

"कायदा दाखवून मी बाबाच्या घरून निघू का, रजत?" ती म्हणाली.

"मंग काय करायचं? तू सांग."

"लपवून तर नाही येणार मी. तुझ्या आईनं माझ्यासाठीच केलं, मले समजते. पण जन्मभर नथ डावीकडं लावून या घरात नाही फिरता येणार मले."

तिनं चाप काढला, नथ पुन्हा उजवीकडे लावली. लाल वळावर चाप बसला तेव्हा तिला दुखलं. रजतनं मोबाइल खिशात टाकला आणि तिच्या मागोमाग आत आला.

बाहेरच्या खोलीत पानं मांडलेली होती आणि एकही माणूस बसला नव्हता. हिमानी मनोहररावांसमोर खाली बसली. तिनं विचारलं, आबा, आजी कोणत्या महिन्यात गेल्या? ते म्हणाले, वैशाखात, सात वर्षांपूर्वी.

"त्या वैशाखात आमच्याकडे पिंटूदादाचं लग्न होतं," हिमानी म्हणाली. "मी वरातीत नाचली. बाबा नाचले. आत्या कधी नाचत नाही, ती पण नाचली. तुम्ही इथं सुतकात बसून होते, न् आम्ही तिथं डीजेवर नाचून राहिलो होतो. कोणी अंघोळ केली नाही, कोणाच्या पोटात तुटलं नाही. आम्ही तुमचं घर असतो, तर असं झालं असतं का, आबा?"

अंजनाताईंनी मान खाली घातली. त्यांना ती वरात आठवत होती. गुलाबी नऊवारी नेसून, डीजेवाल्याला थांबवून, त्या मनसोक्त नाचल्या होत्या आणि आठवडाभर गुडघे शेकत बसल्या होत्या. त्याच दिवसांत इथे, या खोलीत, जमिनीवर दिवा ठेवलेला होता, हे आता कळल्यावर त्यांना कसंसंच झालं.

"ते न कळून झालं बेटा," गिरिधरराव म्हणाले. "न कळून झाल्याचं पाप नाही. पण आता कळलं. आता डोळे मिटून मी कसा देऊ तुले?"

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. गिरिधरराव मनोहररावांकडे वळले. हात जोडलेले होते.

"माझ्यानं हे ठरत नाही," ते म्हणाले. "तुम्ही थोरलं घर. मी धाकट्याचा. आमच्याकडून आजपर्यंत तुम्हाले कोणी काही विचारलं नाही. आता मी विचारतो. तुम्ही सांगाल ते मी ऐकीन, पुढं कधी तोंडावर आणणार नाही."

मनोहरराव मखराकडे बघत राहिले. थोरली एकटी बघत होती, उजव्या नाकात मोत्याची नथ, शेजारी सव्वाशे वर्षं परकी वाटणारी सरळ गालांची धाकटी. लहानपणी वडील त्यांना खांद्यावर घेऊन ते पान दाखवायचे. सांगायचे, मन्या, एक दिवस तो येईल, तो उपाशी नको जायले. वडिलांनी शेवटच्या घटकेलाही तेच विचारलं होतं, की पान वाढलं का. आज तो आला होता. समोर हात जोडून उभा होता, आणि त्यानं थोरलं घर म्हणून हाक मारली होती. भाऊ म्हणून त्याला धरावं असं मनोहररावांना फार वाटत होतं.

मग त्यांनी रजतकडे पाहिलं. रजत आजोबांकडे बघत नव्हता. तो हिमानीच्या नाकावरच्या लाल वळाकडे बघत होता. आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याला तो दिसला होता.

"कळशी आण गा," मनोहरराव सुशीलला म्हणाले.

सुशीलनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. मनोहररावांनी ते थोरलीसमोर ताम्हणात सोडलं. काय सोडलं ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. आजपासून सांबाच्या वंशाचं सुतक आम्हाला नाही आणि आमचं त्यांना नाही. थोरल्या घरानं सोडलं.

"लपवायचं काही नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर सगळं सांगा. खळगा सांगा, नथ सांगा, बंडी सांगा. रडताना जे एकमेकांचे भाऊ नव्हते, ते लग्नात आडवे यायले भाऊ कसे होतात? मले पाहिजे होता भाऊ, गिरिधरराव. आजही पाहिजे. पण तो माझ्या हौसेसाठी, न् किंमत या पोट्ट्यांनी द्यायची, हे मले जमणार नाही."

गिरिधरराव वाकले आणि मनोहररावांच्या पाया पडले. थोरल्या भावाच्या पडतात तसे, एकदाच. उठले तेव्हा मनोहररावांनी त्यांना पाया पडू दिल्याबद्दल स्वतःच हात जोडले, कारण आता गिरिधरराव भाऊ नव्हते, मुलीचे बाप, व्याही होते. दोघांनाही हे नवं हात जोडणं अवघड गेलं.

शामला पुन्हा कामाला लागली. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या, तिनं तवा ठेवला. रांगोळी काढलेला, व्याह्यांचा म्हणून सकाळीच मांडलेला पाट गिरिधररावांना दिला. हिमानीला रजतशेजारी बसवलं. भिवापुरी मिरचीच्या आमटीचा पहिला घोट घेतल्यावर हिमानीला ठसका लागला. सौंसरकडचे हे सहन करू शकत नाहीत म्हणजे नक्कीच आपले नाहीत, असं सुशील हळूच म्हणाला, आणि मघापासून पहिल्यांदा खोलीत कुणीतरी हसलं.

धाकट्याचं पान तसंच वाढून ठेवलेलं होतं. शामलानं विचारलं, आबा, हे गाईले देऊ? मनोहरराव नाही म्हणाले. त्यांनी आपला पाट उचलला, त्या पानाशी नेऊन मांडला आणि स्वतः त्यावर बसले. पुढच्या वर्षी हे पान वाढायचं नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं. मग जेवायला सुरुवात केली. नैवेद्याच्या सोळाही भाज्या संपवल्या. एवढं जेवताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

अंजनाताई समोरच्या ओळीत होत्या. तासाभरापूर्वी त्या याच माणसाच्या पायाशी उघड्या डोक्यानं बसल्या होत्या, बहीण बसते तशा. आता मनोहररावांनी तुपाची वाटी त्यांच्या दिशेला सरकवली.

"तूप घ्या, विहीणबाई," ते म्हणाले.

आयुष्यात अंजनाताईंनी सासर पाहिलं नव्हतं; सासरा, दीर, व्याही, कुणासाठी पदर घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी खांद्यावरचा पदर उचलला आणि डोक्यावर घेतला, आणखी थोडा पुढे ओढला. कपाळ झाकलं, डोळे झाकले. उजवीकडची नथ तेवढी बाहेर राहिली.

"वाढा, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या.